जुन्या फोर बाय फोर पिकअपमधून आवाज येतोय? बिघाड नेमका कुठे आहे, ते असे ओळखा

दहा-पंधरा वर्षे वापरलेली फोर व्हील ड्राइव्ह पिकअप गाडी एके दिवशी क्लच सोडताच 'ठक्' असा आवाज करते. कधी साठच्या वेगाला खालून गुणगुण सुरू होते. कधी ऐन चिखलात कळते की दांडा फोर व्हीलवर आहे, पण पुढची चाके ढिम्म हलत नाहीत. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला अंदाज बहुतेकदा 'गिअरबॉक्स उघडावा लागेल' असा असतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये, तुटलेल्या माउंटिंग रबरमध्ये किंवा नुसत्या कमी झालेल्या तेलात निघतो. क्रॉस बदलणे हे काही तासांचे काम असते. गिअरबॉक्स खाली उतरवला, की गाडी अनेक दिवस उभी राहते आणि तिच्यावर चालणारा धंदाही.

आवाज नेमका कधी येतो आणि कधी थांबतो हे नीट टिपले, तर बिघाड कोणत्या भागात आहे हे बरेचसे गाडी न खोलता कळते. त्याची पद्धत या लेखात क्रमाने दिली आहे.

ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते?

इंजिनात तयार झालेली ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. साध्या पिकअपमध्ये तिथून एकच लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातो. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून दोन शाफ्ट निघतात: एक मागच्या डिफरन्शियलकडे, दुसरा पुढच्या डिफरन्शियलकडे. डिफरन्शियलमधला क्राऊन आणि पिनियन ही ताकद नव्वद अंशांत वळवून अॅक्सल शाफ्टमार्फत चाकांना देतात.

भारतातल्या बहुतेक जुन्या पिकअप गाड्यांत 'पार्ट टाइम' पद्धतीची फोर व्हील ड्राइव्ह असते. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या पिढीत आहे. महिंद्रने १९४७ मध्ये ज्या जीप भारतात जोडायला सुरुवात केली, त्या याच घराण्यातल्या. या पद्धतीत एरवी फक्त मागची चाके गाडी ढकलतात. गरज पडली की चालक पुढची चाके जोडतो. त्यासाठी तीन मुख्य जागा असतात:

- २एच: फक्त मागची दोन चाके. रोजच्या डांबरी रस्त्यासाठी.
- ४एच: चारही चाके, नेहमीच्या वेगाचे गिअर. चिखल, वाळू, ओले गवत, सैल मुरूम यांसाठी.
- ४एल: चारही चाके, पण वेग कमी आणि ओढ जास्त. अडकलेली गाडी काढणे, तीव्र चढ-उतार यांसाठी.

अनेक गाड्यांत याशिवाय ट्रान्सफर केसची न्यूट्रल जागाही असते. पुढच्या चाकांवर बऱ्याचदा लॉकिंग हब असतात. ते मोकळे असले, की चाक फिरते, पण त्यामागचा अॅक्सल शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे निदानात ती फार उपयोगी पडते.

गाडीखाली जाण्याआधी

फोर बाय फोर गाडी जॅकवर चढवताना काही धोके साध्या गाडीपेक्षा जास्त असतात.

- नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चॅसी किंवा अॅक्सलखाली मजबूत स्टँड लावावेत. विटा, दगड चालत नाहीत. वीट भार आल्यावर अचानक फुटते.
- ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, कारण गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो.
- बहुतेक पिकअपचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची चाके उचलली आणि पुढचे हब मोकळे असले, तर गाडी धरायला काहीच उरत नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके किंवा उटी लावाव्यात.
- दोनच चाके उचलून इंजिन चालू करून फोर व्हील लावू नये. जमिनीवरची चाके गाडी स्टँडवरून खेचून नेतात.
- शाफ्ट फिरत असताना खाली डोकावू नये. ओढणी, गमछा, सैल बाही क्षणात गुंडाळली जाते.

खाली दिलेल्या हाताने करायच्या सगळ्या तपासण्या इंजिन बंद ठेवून, सपाट आणि टणक जमिनीवर करायच्या आहेत.

पहिला प्रश्न: आवाज कशाबरोबर बदलतो?

'घरघर येते' एवढ्यावरून मेकॅनिकला फारसे कळत नाही. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, की फक्त वळणावर येतो, हे सांगितले तर निम्मे काम होते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पुढील क्रमाने फेरी मारावी.

१. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. इथेच आवाज येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात आहे. शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाके या वेळी फिरतच नाहीत, म्हणून ती यादीतून बाद होतात.

२. गाडी ठरावीक वेगाने, मग काही क्षण न्यूट्रल. इंजिनच्या फेऱ्या कमी झाल्या तरी आवाज तसाच राहिला, तर तो गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे. संशय चाकांचे बेअरिंग, शाफ्ट किंवा डिफरन्शियलवर जातो. ही चाचणी रिकाम्या सपाट रस्त्यावरच करावी. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे म्हणजे इंजिन ब्रेक गमावणे.

३. तोच वेग, पण एकदा अॅक्सिलरेटर दाबून आणि एकदा सोडून. गाडी ओढताना येणारी आणि अॅक्सिलरेटर सोडला की थांबणारी गुणगुण, किंवा नेमकी याउलट वागणारी गुणगुण, क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवते. दात एका बाजूने भार घेताना गप्प राहतात आणि दुसऱ्या बाजूने घेताना बोलतात. पिनियनचे बेअरिंग सैल झाले की हे जास्त जाणवते.

४. वेगवेगळे गिअर. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, तर तो गिअरबॉक्सचाच. जुन्या पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा गिअर बहुधा 'डायरेक्ट' असतो, म्हणजे ताकद बाजूच्या शाफ्टवर न जाता सरळ पुढे जाते. बाकी गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात एकदम कमी होत असेल, तर बाजूच्या शाफ्टच्या म्हणजे काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा.

५. २एचमध्येच, एकदा हब मोकळे ठेवून आणि एकदा लॉक करून. हब मोकळे असताना गाडी शांत आणि लॉक केल्यावर आवाज सुरू, असे झाले तर दोष पुढच्या बाजूला आहे: पुढचे डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट किंवा अॅक्सल शाफ्ट. पाच मिनिटांची ही चाचणी अर्धी गाडी यादीतून वगळते.

६. रस्ता बदलून. जाड गुट्ट्यांचे टायर स्वतःच हुंकारतात. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला आणि अॅक्सिलरेटरशी त्याचा काही संबंध दिसला नाही, तर आधी टायर तपासावेत. त्यांना डिफरन्शियल समजून पैसे घालवू नयेत.

'ठक्' आवाज: क्रॉस, स्प्लाइन की डिफरन्शियल?

पहिला गिअर टाकून क्लच सोडताना, किंवा पुढे जाऊन लगेच रिव्हर्स घेताना 'ठक्' आवाज येतो, त्याचा अर्थ ताकदीच्या वाटेत कुठेतरी 'प्ले', म्हणजे मोकळी हालचाल आहे. ती शोधायला गाडीच्या चाकांना उटी लावून गिअर आणि ट्रान्सफर केस दोन्ही न्यूट्रल करावेत. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहावा.

- क्रॉसच्या एका बाजूचा काटा हलतो आणि दुसरा जागेवरच राहतो, असे दिसले तर क्रॉस गेला आहे. शाफ्ट वर-खाली उचलूनही हा प्ले कळतो. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसणे ही त्याआधीची पायरी असते. आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्याची ती खूण आहे. हळू वेगात येणारा 'चिर चिर' आवाजही तेच सांगतो.
- शाफ्टचे दोन तुकडे जिथे एकमेकांत सरकतात, त्या स्प्लाइनमध्ये प्ले असेल तर झिजलेले दात किंवा संपलेले ग्रीस हे कारण असते. थांबताना किंवा निघताना एकच 'ठक्' येतो, तो बहुधा इथला. ग्रीस गनने निपलमधून ग्रीस भरून पाहणे हा सर्वांत स्वस्त पहिला उपाय.
- क्रॉस आणि स्प्लाइन घट्ट आहेत, पण शाफ्ट फिरवल्यावर डिफरन्शियलच्या तोंडाशी बरीच मोकळी हालचाल होते, तर प्ले आत आहे. क्राऊन-पिनियनमध्ये थोडा प्ले लागतोच. तो शून्य नसतो. पण पिनियनचे तोंड वर-खाली किंवा आत-बाहेर हलत असेल, तर बेअरिंग गेले आहे किंवा नट ढिला आहे. हे काम लांबवण्यासारखे नाही.
- या तिन्ही जागा ठीक असतील, तर इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरे आणि पाट्यांचे यू बोल्ट पाहावेत. रबर तुटले की अख्खा गिअरबॉक्स उचलला जाऊन आपटतो आणि आवाज मात्र 'आतून' आल्यासारखा वाटतो.

कंपन: शाफ्टचे की चाकाचे?

इथे थोडे गणित मदतीला येते. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला साडेसातच्या आसपास फेऱ्या घेते. डिफरन्शियलचे प्रमाण ४ च्या जवळ असेल, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ३० फेऱ्या घेतो. म्हणून चाकाचा तोल बिघडला, तर स्टिअरिंग किंवा सीट मोजता येईल अशा जाड लयीत हलते. शाफ्टचे कंपन मात्र बारीक, मधमाश्यांसारखे आणि पायाखालून येते.

शाफ्टच्या कंपनाची नेहमीची कारणे चार. एक, झिजलेला क्रॉस. दोन, दगडावर आपटून शाफ्ट वाकणे किंवा त्यावरचे तोलाचे वजन पडणे. तीन, दोन तुकड्यांच्या शाफ्टमधल्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटणे. यात गाडी निघतानाच थरथर जास्त होते. चौथे कारण माणसाने केलेले असते: शाफ्ट काढून परत बसवताना दोन टोकांचे काटे एका रेषेत न येणे.

यामागचे कारण मजेशीर आहे. क्रॉसचा सांधा वाकलेल्या कोनात फिरतो, तेव्हा पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमके उलटे करून हा फरक भरून काढतो. त्यासाठी दोन्ही काटे योग्य जुळणीत लागतात. एक दात जरी चुकला, तरी नवा क्रॉस टाकलेली गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. म्हणून शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर रंगाने खुणा करून घ्याव्यात. पाटे वाढवून गाडी उंच केल्यावर सुरू झालेले कंपनही याच गोष्टीशी जोडलेले असते. उंची बदलली, की शाफ्टचा कोन बदलतो.

घरघर आणि टकटक: चाकाकडचे आवाज

चाकाच्या बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि लांब वळणावर बदलते. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला, तर डाव्या बाजूचे बेअरिंग आधी तपासावे. चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवावे. प्ले जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला, तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट पाहावा.

वीसेक किलोमीटर चालवल्यावर चारही हबचे तापमान थर्मामीटर गनने मोजणे ही आणखी एक सोपी चाचणी. एकच हब बाकी तिघांपेक्षा बराच गरम असेल, तर तिथले बेअरिंग फार आवळलेले किंवा कोरडे आहे, नाहीतर ब्रेक चिकटतो आहे.

पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना पुढून 'टक टक टक' येत असेल, तर पुढच्या अॅक्सलचा बाहेरचा सांधा झिजला आहे. ज्या गाड्यांत त्यावर रबरी बूट असतो, तिथे बूट फाटून ग्रीस उडालेले दिसते. फाटका बूट वेळेत बदलला, तर सांधा वाचतो. टकटक सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नसतो.

क्लच आणि गिअरबॉक्स: न उघडता करायच्या चाचण्या

- क्लच घसरतो का? सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास असताना अॅक्सिलरेटर जोरात दाबावा. इंजिनच्या फेऱ्या चढल्या आणि वेग तेवढा वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. प्लेट झिजली आहे, पॅडलला योग्य प्ले नाही, किंवा सीलमधून तेल प्लेटवर येते आहे, या तिन्ही शक्यता तपासाव्यात. तेल गळत असताना नुसती प्लेट बदलली, तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते.
- क्लच पूर्ण सुटतो का? रिव्हर्स टाकताना 'खर्र' होत असेल, तर आधी क्लचचे हायड्रॉलिक तेल आणि दोन्ही सिलिंडर पाहावेत. अर्धवट सुटणारा क्लच गिअरबॉक्सचा दोष असल्याचा भास निर्माण करतो.
- आवाज पॅडलबरोबर बदलतो का? इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पॅडल दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर बहुधा रिलीज बेअरिंग. पॅडल दाबल्यावर आवाज बंद झाला, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग.

फोर व्हील लागतच नाही

आधी एक खुलासा. जुन्या गाड्यांत ४एल लावताना गाडी थांबलेली किंवा माणूस चालतो त्याहून हळू असावी लागते आणि क्लच दाबलेला असावा लागतो. दात समोरासमोर आले नाहीत, तर दांडा अडतो. गाडी हातभर पुढे-मागे केल्यावर बसतो. हा बिघाड नाही.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. अनेक गाड्यांत तो ट्रान्सफर केसवरच्या एका स्विचमुळे लागतो. दिवा लागला, पण हब मोकळे असले, तर पुढची चाके गाडी ओढत नाहीत. उलट स्विच किंवा त्याची वायर खराब असेल, तर फोर व्हील लागूनही दिवा पेटत नाही.

खरी परीक्षा जॅकवर होते. इंजिन बंद, जमिनीवरच्या तिन्ही चाकांना उटी, गिअरबॉक्स गिअरमध्ये, ट्रान्सफर केस ४एचमध्ये, दोन्ही हब लॉक. आता पुढचे एकच चाक उचलून हाताने फिरवावे. सगळे ठीक असेल, तर थोड्या प्लेनंतर चाक अडले पाहिजे. ते फिरत राहिले, तर खाली काय फिरते ते पाहावे:

- चाक फिरते, पण त्यामागचा अॅक्सल शाफ्ट स्थिर: या बाजूचा हब लॉक होत नाही.
- अॅक्सल शाफ्टही फिरतो आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही: ट्रान्सफर केस आतून जोडलीच गेलेली नाही. दांड्याचे सांधे, बुश आणि आतला फोर्क पाहावा.
- अॅक्सल शाफ्ट फिरतो, प्रोपेलर शाफ्ट स्थिर: पलीकडचा हब मोकळा असण्याची शक्यता आधी तपासावी. तो लॉक असेल, तर दोष पुढच्या डिफरन्शियलच्या आत किंवा पलीकडच्या अॅक्सल शाफ्टमध्ये आहे.

काही गाड्यांत हब किंवा पुढचा अॅक्सल व्हॅक्यूमने जोडला जातो. तिथे वर्षानुवर्षे उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेत राहिलेली रबरी नळी चिरते. डिझेल गाडीत हाच व्हॅक्यूम पंप बहुधा ब्रेकच्या बूस्टरलाही पुरवठा करतो. म्हणून फोर व्हील लागत नाही आणि ब्रेकचे पॅडलही कडक झाले आहे, असे दोन्ही एकदम दिसले, तर पंप किंवा मुख्य नळी तातडीने पाहावी. हा प्रश्न आता फक्त चिखलापुरता राहिलेला नसतो.

बटणावर चालणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये आधी फ्यूज, मग खालच्या मोटरचा कनेक्टर तपासावा. पावसाळ्यात चिखलपाणी तिथेच शिरते. बटण फिरवल्यावर मोटरचा आवाजही येत नसेल, तर ट्रान्सफर केस उघडण्याआधी वीज तिथपर्यंत पोहोचते का ते मोजावे.

फोर व्हील लागली, पण सुटत नाही

पार्ट टाइम पद्धतीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. वळताना मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक सामावून घेतात. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत, म्हणून शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते आणि दांडा सुटत नाही. अशा वेळी दांड्यावर जोर न करता गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी. पीळ उतरतो आणि दांडा सुटतो.

सरळ रस्त्यावरही असा पीळ बसत असेल, तर दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली, टायर. पुढे नवे आणि मागे जुने टायर असून गुट्ट्यांच्या उंचीत ६ मिलिमीटरचा फरक असेल, तर व्यासात १२ मिलिमीटरचा फरक पडतो. ७० सेंटिमीटरच्या चाकात हा सुमारे १.७ टक्के झाला. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे १७ मीटरची तफावत.

दुसरी, डिफरन्शियलचे प्रमाण. जुनी गाडी घेताना ही तपासणी हमखास करावी, कारण कधीतरी मागचे डिफरन्शियल दुसऱ्या मॉडेलचे, वेगळ्या प्रमाणाचे बसवलेले असते. ट्रान्सफर केस न्यूट्रल करून, एक चाक जमिनीवर उटी लावून ठेवावे आणि त्याच अॅक्सलचे दुसरे चाक उचलून बरोबर दोन फेऱ्या फिरवावे. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील, ते त्या डिफरन्शियलचे प्रमाण. शाफ्टवर खडूची खूण केली, की मोजणे सोपे जाते. पुढे आणि मागे दोन्हीकडे हा आकडा सारखा आला पाहिजे. पुढचे मोजताना दोन्ही हब लॉक ठेवावेत. लॉक होणाऱ्या किंवा घसरण रोखणाऱ्या खास डिफरन्शियलला ही पद्धत लागू पडत नाही.

चालता चालता ४एल आपोआप सुटत असेल, तर ते दांड्याच्या जुळणीतला फरक, तुटलेले माउंटिंग किंवा आतल्या फोर्कची झीज यामुळे होते. साखळीवर चालणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये चढावर भार आल्यावर 'कटकट' करत दात सुटल्यासारखा धक्का बसला, तर साखळी सैल झालेली असू शकते.

तेल काय सांगते?

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरन्शियल मिळून तेलाच्या चार वेगळ्या जागा झाल्या. तेल काढताना एक नियम पाळावा: आधी भरायचे बूच सैल करावे, मग खालचे उघडावे. वरचे बूच जाम निघाले आणि खालून तेल निघून गेले, तर गाडी हलवताही येत नाही.

- दुधाळ किंवा कॉफीसारखे तेल: आत पाणी शिरले आहे. ओढा ओलांडताना तापलेले डिफरन्शियल एकदम थंड होते, आतली हवा आकुंचते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. कोकणातल्या पावसाळ्यानंतर ही तपासणी करावीच.
- बुचाच्या चुंबकावर राखाडी लेप: साधारण झीज. घाबरण्याचे कारण नाही.
- बोटाला टोचणारे कण, तुकडे: दात किंवा बेअरिंग तुटते आहे. गाडी चालवणे थांबवावे.
- गिअरबॉक्सच्या तेलात पितळी चमक: सिंक्रो रिंग झिजते आहे.
- सील बदलूनही पुन्हा गळती: ब्रीदर मातीने बुजला आहे का ते पाहावे. गरम हवेला वाट मिळाली नाही, की ती नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते.
- एका पेटीत तेल कमी, शेजारच्या पेटीत जास्त: काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधले सील गेले, की तेल इकडून तिकडे जाते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही.

तेलाचा प्रकार मॅन्युअलमध्ये लिहिला असेल तोच वापरावा. डिफरन्शियलला लागणारे जीएल-५ तेल जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवेलच असे नाही. तिथे अनेकदा जीएल-४ सांगितलेले असते. काही ट्रान्सफर केसना तर जाड गिअर ऑइलऐवजी पातळ एटीएफ लागते. 'सगळीकडे एकच टाकू' हा सल्ला स्वस्त वाटतो, पण पुढे महागात पडतो.

गॅरेजमध्ये काय सांगावे, काय विचारावे?

'गाडी आवाज करते' असे न सांगता निरीक्षण सांगावे: 'ताशी पन्नासच्या पुढे, अॅक्सिलरेटर सोडल्यावर, हब मोकळे असतानाही गुणगुण येते.' फोनवर आवाज रेकॉर्ड करून नेला, तर आणखी चांगले. मेकॅनिकसोबत एक फेरी मारावी. मोठे काम काढायच्या आधी कोणत्या तपासणीवरून तो भाग ठरवला हे विचारावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. एकच बदलला, तर नवा आवाज सुरू होतो.

गाडी चालवू नये, अशी लक्षणे

काही दोष पुढच्या पगारापर्यंत थांबू शकतात. हे थांबू शकत नाहीत:

- क्रॉसमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा प्ले. पुढच्या टोकाचा सांधा तुटून शाफ्ट रस्त्यावर पडला, तर तो जमिनीत रुतून गाडी उचलू शकतो.
- चाकात मोठा प्ले किंवा हात लावता येणार नाही इतका तापलेला हब.
- मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने गळणारे तेल. अॅक्सलचे सील गेले, की हे तेल ब्रेक शूवर येते आणि त्या चाकाचा ब्रेक लागत नाही.
- डिफरन्शियलच्या तेलात धातूचे तुकडे. चालत्या गाडीत क्राऊन-पिनियन जाम झाले, तर मागची चाके अचानक अडकतात.
- चालता चालता गिअर किंवा ट्रान्सफर केस आपोआप न्यूट्रल होणे. चढावर ओढ जाते आणि उतारावर इंजिन ब्रेक जातो. आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटात भरलेली पिकअप केवळ चाकांच्या ब्रेकवर उतरवली, तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

यांपैकी काहीही दिसले, तर गाडी जिथे आहे तिथेच तपासून घ्यावी किंवा फ्लॅटबेडवर चढवून न्यावी. ओढून न्यायची वेळ आलीच, तर मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धत पाहावी आणि पुढचे हब मोकळे करावेत. शाफ्टच सैल असेल, तर तो आधी पूर्ण काढून टाकावा.